फिरणारा आणि सरकणारा शाफ्ट: लिनियर रोटरी बेअरिंगची निवड, जोडणी आणि दुखणी

एकाच शाफ्टला फिरायचंही आहे आणि लांबीच्या दिशेने मागेपुढेही जायचं आहे, अशी जागा यंत्रांत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते. बाटलीवर झाकण आवळणारा स्पिंडल खाली येतो आणि फिरतो. छपाई यंत्रातला शाई पसरवणारा रोलर फिरता फिरता आडवा हलत राहतो. सुटे भाग उचलून ठेवणाऱ्या रोबोटची शेवटची दांडी वरखाली होते आणि भाग हवा तसा वळवून ठेवते. अशा ठिकाणी बसवलेली बेअरिंग लवकर जातात, तेव्हा दोष बहुतेक वेळा बेअरिंगच्या दर्जाचा नसतो. चार कामं कोणी करायची हे आधी ठरलेलंच नसतं. ती कामं म्हणजे सरकणं सांभाळणं, फिरणं सांभाळणं, टॉर्क (फिरवणारा जोर) पोचवणं आणि अक्षाच्या दिशेने येणारा भार घेणं.

हे चार प्रश्न कागदावर लिहून प्रत्येकापुढे एका भागाचं नाव टाका. एखादी जागा रिकामी राहिली, तर ते काम जो भाग पहिल्यांदा तावडीत सापडेल त्याच्या गळ्यात पडतं, आणि तोच आधी मोडतो.

आत नेमकं काय घडतं

नेहमीच्या बॉल बेअरिंगमध्ये बॉल गोल खाचेत धावतात. त्याला फिरणं चांगलं जमतं, सरकणं अजिबात नाही. शाफ्ट ओढला की एक तर तो आतल्या रिंगमधून घासत जातो, नाही तर बॉल खाचेच्या कडेवर चढतात.

लिनियर बॉल बुशमध्ये, म्हणजे एलएम मालिकेच्या ओळखीच्या बुशमध्ये, उलट परिस्थिती असते. बॉलच्या लांबट साखळ्या शाफ्टला समांतर बसवलेल्या असतात. साखळीची एक बाजू शाफ्टवर टेकून भार घेते, दुसरी बाजू बॉल मोकळेपणाने परत आणते. म्हणून स्ट्रोकला, म्हणजे सरकण्याच्या अंतराला, मर्यादा नाही, शाफ्ट जितका लांब तितकं सरका. पण या बुशमध्ये शाफ्ट फिरवला की भाराखालचे बॉल शाफ्टच्या घेराच्या दिशेने गडगडू शकत नाहीत, कारण त्यांची वाट फक्त लांबीच्या दिशेने मोकळी आहे. ते जागच्या जागी आडवे घासतात. हाताने फिरवून पाहिलं तर फिरतं, आणि इथेच फसगत होते.

स्ट्रोक-रोटरी, म्हणजे सरकणं आणि फिरणं दोन्ही सांभाळणाऱ्या बेअरिंगची रचना या दोघांहून सोपी आहे. बाहेरची रिंग आतून गुळगुळीत नळकांडं असते, खाच नाही. मध्ये पितळ, अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकचा केज (बॉल धरून ठेवणारा पिंजरा), त्याच्या प्रत्येक खिशात एक बॉल, आणि आत ग्राइंड केलेला शाफ्ट. बॉलला कोणतीच दिशा बांधून दिलेली नसल्यामुळे तो सरळ, आडवा, तिरका कसाही लोळतो. खिसे एका ओळीत न ठेवता मळसूत्रासारखे तिरके मांडतात, म्हणजे एका बॉलच्या वाटेवर दुसरा येत नाही आणि झीज पसरते.

या रचनेची किंमत एकच, मर्यादित स्ट्रोक. दोन पृष्ठभागांमध्ये लोळणारा बॉल, आणि त्याच्याबरोबर केज, शाफ्टच्या निम्मं अंतर सरकतो. शाफ्ट ३० मिमी गेला तर केज १५ मिमी. बाहेरच्या रिंगच्या दोन टोकांना सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा वॉशर असतात, केज त्यांना टेकला की लोळणं संपतं आणि घासणं सुरू होतं. फिरण्याला मात्र काही मर्यादा नाही.

काही तास चाललेला असा शाफ्ट बाहेर काढून भिंगाखाली धरून पाहा. फिरणं आणि सरकणं दोन्ही एकदम होत असेल तर बॉलच्या पुसट वाटा एकमेकींना तिरक्या छेदतात आणि बारीक चौकटींची जाळी दिसते. इंजिनाच्या सिलिंडरला होनिंग केल्यावर दिसणारी जाळी याच भूमितीतून येते, कारण होनिंगचा दगडही फिरतो आणि वरखाली होतो. वाटा शाफ्टला समांतर असतील तर शाफ्ट प्रत्यक्षात फिरतच नाही. फक्त कड्या दिसत असतील तर तो सरकतच नाही, म्हणजे इथे साधं बेअरिंग पुरलं असतं. लांबीच्या दिशेने तीन-चार रेघा आणि त्यांच्या बाजूला आडवे ओरखडे दिसले, तर तिथे लिनियर बुश बसवून शाफ्ट फिरवलेला आहे हे समजून चला.

कोणते पर्याय हातात असतात

साधा बुश हा सगळ्यात जुना आणि अनेक ठिकाणी अजूनही योग्य पर्याय. कासं, तेल मुरवलेलं सिंटर्ड कासं, पोलादी पाठीवर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असलेला गुंडाळी बुश किंवा पॉलिमर, यातलं काहीही चालतं. दोन्ही दिशांनी अमर्याद गती, धुळीला आणि धक्क्याला दांडगा, जागा कमी. तोटा म्हणजे घर्षण आणि अडकण्याचा धोका. सरकवणारा जोर शाफ्टच्या अक्षापासून बाजूला लागत असेल तर बुशच्या दोन कडांवर दाब येतो. तो जोर अक्षापासून किती लांब चालेल, याचं गणित बुशची लांबी ÷ (२ × घर्षण गुणांक) असं येतं. गुणांक ०.२५ धरला तर बुशच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर बुश अडकतो, मग जोर कितीही वाढवा. गुणांक ०.१ असेल तर हीच मर्यादा बुशच्या लांबीच्या पाचपट होते. पीटीएफईचा थर अगदी पातळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका असतो. त्यामुळे असा बुश बसवल्यावर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) फिरवायचा नाही.

केजवाला स्ट्रोक-रोटरी बेअरिंग छोट्या स्ट्रोकसाठी. घर्षण कमी, प्रीलोड देता येतो (म्हणजे बॉल आधीच किंचित दाबून बसवता येतात), अचूकता उत्तम.

लांब स्ट्रोक आणि फिरणं दोन्ही हवं असेल तर लिनियर बॉल बुशच्या बाहेर फिरणारं बेअरिंग चढवतात. सरकणं आतला बुश बघतो, फिरणं बाहेरचं बेअरिंग बघतं. तयार युनिट मिळतात, स्वतःही बनवता येतं. २० मिमी शाफ्टसाठी एलएम२० बुश २० × ३२ × ४२ मिमी असतो. तो ३२ मिमी आतील आणि ४० मिमी बाहेरील व्यासाच्या स्लीव्हमध्ये (नळीत) बसवा, स्लीव्हच्या दोन टोकांवर ६१८०८ बेअरिंग (४० × ५२ × ७) चढवा. हाउसिंगचा, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घराचा, बोअर (भोक) ५२ मिमी लागतो. त्याच शाफ्टसाठी केजवाला प्रकार साधारण ३२ मिमीच्या बोअरमध्ये मावतो. जागेचा हा फरक रेखाटनाच्या पहिल्या दिवशीच लक्षात घ्यायला हवा.

या जोडणीत एक खोच आहे. बुशला शाफ्टबरोबर फिरायला लावणारी कोणतीच चावी नाही, फक्त घर्षण आहे. शाफ्ट झटक्यात सुरू-बंद होत असेल तर जड स्लीव्ह मागे राहते आणि बॉल आडवे घासले जातात. बाहेरच्या बेअरिंगला घट्ट रबरी सील आणि भरपूर ग्रीस दिलं तर हेच आणखी लवकर घडतं. म्हणून इथे बाहेरचं बेअरिंग हलकं फिरणारं घ्या, पत्र्याच्या झाकणाचं, कमी ग्रीसचं.

टॉर्कही पोचवायचा असेल तर बॉल स्प्लाइन. शाफ्टवर लांबीच्या दिशेने खाचा असतात, नटमधले बॉल त्या खाचांतून धावतात. नट फिरवला की शाफ्ट फिरतो आणि त्याच वेळी मोकळेपणाने सरकतोही. नटाच्या बाहेर आधाराचं बेअरिंग जोडलेलं रोटरी बॉल स्प्लाइन हे या घराण्यातलं सर्वांत सोयीचं आणि सर्वांत महाग उत्तर.

मोजमापाच्या यंत्रांत एअर बुशिंग वापरतात. काही मायक्रॉनच्या फटीत दाबाखालची हवा शाफ्टला तरंगत ठेवते, त्यामुळे घर्षण जवळजवळ शून्य. स्वच्छ, कोरडी, तेलविरहित हवा अखंड मिळणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

नीडल बेअरिंगबद्दल एक सावधगिरी. त्याचे रोलर अक्षाला समांतर असल्यामुळे शाफ्ट त्यातून सरकवता येतो, पण त्या दिशेला रोलर लोळत नाहीत, घासतात. उष्णतेने शाफ्ट लांबला तर तेवढं सामावून घेणं ठीक, मिनिटाला साठ वेळा सरकवणं नाही.

पायरी १: गतीचे आकडे काढा

स्ट्रोक, मिनिटाला किती फेरे, मिनिटाला किती वेळा मागेपुढे, आणि दोन्ही गती एकाच वेळी आहेत की आळीपाळीने, एवढं लिहून घ्या. बॉलला जाणवणारा वेग हा दोन्ही वेगांचा काटकोनातला एकत्रित वेग असतो. म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ.

उदाहरण घेऊ. शाफ्ट २० मिमी, मिनिटाला ३०० फेरे, स्ट्रोक ५० मिमी, मिनिटाला ६० वेळा जाऊन-येऊन. घेराचा वेग ३.१४ × २० × ३०० म्हणजे सुमारे १८.८ मीटर प्रति मिनिट. सरकण्याचा सरासरी वेग २ × ५० × ६० म्हणजे ६ मीटर प्रति मिनिट. एकत्रित वेग १९.८ मीटर, म्हणजे जणू शाफ्ट मिनिटाला ३१५ फेरे फिरतो आहे. सरकण्याने वेग फक्त पाच टक्के वाढला.

आता तोच शाफ्ट मिनिटाला ३० फेरेच फिरतो असं समजा. घेराचा वेग १.९ मीटर, एकत्रित वेग ६.३ मीटर, म्हणजे जवळपास १०० फेऱ्यांइतका. नुसत्या ३० फेऱ्यांवर आयुष्य काढलं असतं तर उत्तर तिप्पट चुकलं असतं. हळू फिरणाऱ्या आणि वेगाने सरकणाऱ्या जागी हे फार जणांच्या नजरेतून सुटतं.

पायरी २: आयुष्य तपासा

केजवाल्या प्रकारात आयुष्य = (क्षमता ÷ (भार × भार गुणांक))³ × १० लाख फेरे. धक्के नसतील आणि वेग कमी असेल तर भार गुणांक १ ते १.२, साधारण कामाला १.५, आणि धक्के असतील तर २ किंवा त्याहून जास्त. वरच्या पहिल्या उदाहरणात कॅटलॉगची गतिक क्षमता (चालू असताना भार पेलण्याची क्षमता) भाराच्या पाचपट असेल आणि गुणांक १.५ धरला, तर (५ ÷ १.५)³ म्हणजे ३७, म्हणजेच ३ कोटी ७० लाख फेरे. मिनिटाला ३१५ च्या हिशोबाने १,९६० तास. दिवसाला दोन पाळ्या चालणाऱ्या यंत्राला हे चार महिनेच पुरेल. आयुष्य घनाने बदलतं, त्यामुळे बेअरिंगचा आकार एक पायरी वाढवणं किंवा भार थोडा कमी करणं दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त फळ देतं.

बुश आणि बाहेरचं बेअरिंग अशी जोडी असेल तर दोघांचं आयुष्य वेगळं काढा आणि कमी असेल ते धरा. लिनियर बुशचं आयुष्य किलोमीटरमध्ये येतं, आणि इथे कॅटलॉग नीट वाचावा लागतो. काही उत्पादक क्षमता ५० किमीच्या आधारावर देतात, काही १०० किमीच्या. तोच बुश ५० किमीच्या आधारावर १.२६ पट ताकदवान दिसतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी आधार एकच करून घ्या.

पायरी ३: स्ट्रोक आणि केजची लांबी

बाहेरच्या रिंगमधल्या दोन सर्क्लिपमधलं मोकळं अंतर ३९ मिमी आणि केजची लांबी २१ मिमी असेल, तर केजला १८ मिमी मागेपुढे सरकायला जागा आहे. शाफ्टचा कमाल स्ट्रोक त्याच्या दुप्पट, ३६ मिमी. एवढा पूर्ण वापरायचा नाही. ८० टक्के, म्हणजे २८ ते २९ मिमीवर थांबा. उरलेली जागा केज सरकण्यासाठी राखीव असते, त्याबद्दल पुढे येईलच.

केज लांब घेतला तर भार जास्त बॉलवर वाटला जातो पण स्ट्रोक कमी होतो. आखूड केजने स्ट्रोक मिळतो, पण शाफ्ट तिरका होऊ लागतो. बाजूचा भार आणि मोठा स्ट्रोक दोन्ही हवे असतील तर एकच लांब बेअरिंग शोधत बसू नका. दोन बेअरिंग अंतर ठेवून लावा. मधलं अंतर शाफ्टच्या व्यासाच्या निदान तिप्पट असू द्या.

पायरी ४: शाफ्ट

या बेअरिंगमध्ये शाफ्ट हीच आतली रिंग आहे, त्यामुळे त्याच्याकडून बेअरिंगच्या रिंगइतकीच अपेक्षा. पृष्ठभागाची कठीणता एचआरसी (रॉकवेल मापाने) ५८ ते ६४, खडबडीतपणा आरए (सरासरी) ०.२ मायक्रॉनच्या आसपास. एन३१ जातीचं बेअरिंग स्टील किंवा इंडक्शन हार्डनिंग करून ग्राइंड केलेला शाफ्ट घ्या. कठीणता एचआरसी ५० वर आली की भार पेलण्याची क्षमता साधारण निम्मी होते आणि आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. ३०४ जातीचं स्टेनलेस हार्डनच होत नाही, ते बॉलखाली चालणार नाही. गंज टाळायचाच असेल तर ४४०सी घ्या. मऊ शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, पण खालचा धातू बॉलच्या दाबाने दबतो, वरचा कडक थर तडकतो आणि त्याच्या कपच्या बॉलखाली जातात.

टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, एक गोष्ट उलटी आहे. जी६, के५ अशी नावं या फरकाच्या ठरलेल्या श्रेणींची आहेत. लिनियर बॉल बुशसाठी शाफ्ट सहसा जी६ किंवा एच५ घेतात, म्हणजे मापापेक्षा किंचित बारीक. २० मिमीला जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २० मायक्रॉन. केजवाल्या स्ट्रोक-रोटरीसाठी मात्र अनेक कॅटलॉग के५ किंवा एम५ मागतात, म्हणजे मापापेक्षा किंचित जाड. २० मिमीला के५ अधिक २ ते अधिक ११ मायक्रॉन. स्टोअरमध्ये पडलेला जी६ शाफ्ट इथे बसवला की तो अलगद सरकतो, सगळे खूश होतात, आणि यंत्र चालू झाल्यावर खडखड सुरू होते.

शाफ्टच्या टोकाला चँफर (तिरका कापलेला काठ) हवाच, त्याची कड दगडाने गुळगुळीत करा. धारदार कड केजच्या खिशातले बॉल दाबून काढते.

पायरी ५: हाउसिंग

बोअर एच७, अचूक कामाला एच६ (ही भोकाच्या टॉलरन्सची नावं, शाफ्टच्या एच५ पेक्षा वेगळी). दोन बेअरिंग असतील तर दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये करा, जॉब उलटवून नाही. बाहेरची रिंग पातळ असते, घट्ट ठोकून बसवली तर तिचा आतला व्यास आक्रसतो आणि ठरवलेला प्रीलोड बदलतो. म्हणून हाताच्या जोराने जाणारी फिट ठेवून दोन्ही बाजूंनी सर्क्लिप किंवा झाकणाने धरा.

तापमानाचा हिशोब इथेच करून टाका. हाउसिंगपेक्षा शाफ्ट २० अंशांनी जास्त तापला तर २० मिमीचा पोलादी शाफ्ट साडेचार मायक्रॉनने फुगतो. प्रीलोडच मुळात काही मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तो एकदम दुप्पट होऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये उलटं होतं. सगळं ३० अंशांनी तापलं तर ३२ मिमीचा बोअर पोलादी रिंगपेक्षा ११ मायक्रॉन जास्त उघडतो आणि रिंग सैल होऊन फिरू लागते.

पायरी ६: जोडणी

हाउसिंगचा बोअर पुसून बोट फिरवा, बर (धातूचा उभा राहिलेला कंगोरा) असेल तर आधी काढा. बेअरिंग ढकलण्यासाठी पायरीचा मँड्रेल वापरा. त्याचा बारीक भाग बेअरिंगच्या आतल्या व्यासापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी असावा आणि खांदा फक्त बाहेरच्या रिंगवर टेकावा. सीलवर किंवा केजवर जोर देऊ नका, हातोडी थेट मारू नका.

लिनियर बॉल बुशमध्ये शाफ्ट घालताना तो न फिरवता सरळ ढकला. केजवाल्या प्रकारात उलट आहे, शाफ्ट हळू फिरवत फिरवत आत नेल्यास बॉल अलगद जागेवर चढतात. प्रीलोड असेल तर हे फिरवणं जवळजवळ अनिवार्य.

आता केज मध्यावर आणायचा. शाफ्ट स्ट्रोकच्या मधोमध असताना केज रिंगच्या मधोमध असायला हवा. शाफ्ट हळूच एका टोकापर्यंत न्या. केज आधीच सर्क्लिपला टेकला तर हाताला प्रतिकार वाढलेला कळतो. तसाच हळू पुढे ढकला, केज शाफ्टवर घसरून जुळून घेईल. मग दुसऱ्या टोकाला तेच करा. दोन्ही टोकांना प्रतिकार न वाढता शाफ्ट गेला की केज मध्यावर आला. हे हातानेच करा, मोटरने नाही.

शेवटी डायल इंडिकेटर (बारीक हालचाल सुईने दाखवणारं उपकरण) लावून शाफ्ट फिरवा, मग सरकवा. दोन्ही वेळी सुई किती हलते ते वेगवेगळं लिहा. फिरवताना जास्त हलली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा गोल नाही. सरकवताना जास्त हलली तर हाउसिंगची रेघ चुकली आहे, म्हणजे बोअर सरळ रेषेत नाहीत.

पायरी ७: वंगण आणि पहिली चाल

मध्यम वेगाला लिथियमचं एनएलजीआय २ (घट्टपणाची श्रेणी) ग्रीस चालतं. वेग जास्त असेल तर व्हीजी ३२ ते ६८ दर्जाचं (दाटपणाची श्रेणी) तेल. ग्रीस केजच्या खिशांत बोटाने दाबून भरा, रिंग गच्च भरून टाकू नका.

स्ट्रोक बॉलच्या व्यासाच्या दुपटीपेक्षाही कमी असेल आणि फिरणंही थोड्याच अंशांचं असेल, तर बॉल त्याच ठिकाणी पुढेमागे डुलत राहतो. वंगण बाजूला ढकललं जातं, परत येत नाही, आणि तांबूस भुकटी दिसू लागते. यावर ग्रीस वाढवून फारसा उपयोग होत नाही. ठराविक चक्रांनंतर एक पूर्ण स्ट्रोक आणि एक पूर्ण फेरा यंत्राच्या प्रोग्राममध्येच घाला. शाफ्ट पूर्ण फिरत असेल तर ही अडचण आपोआप कमी होते.

पहिला अर्धा तास कमी वेगाने चालवा, हाउसिंगचं तापमान पाहत राहा. ते चढून एका पातळीवर थांबलं तर ठीक. चढतच राहिलं तर प्रीलोड जास्त आहे किंवा रेघ चुकली आहे.

कारखान्यात कुठे काय लागतं

पत्रा कापणाऱ्या प्रेस टूलच्या डाय सेटमध्ये (पंच आणि डाय धरणाऱ्या जोडीत) गाइड पिलर आणि गाइड बुशच्या मध्ये बॉल केज असतो. इथे फिरणं जवळपास नसतंच, पण रचना तीच आणि निम्म्या अंतराचा नियमही तोच. पंच पत्र्याला टेकण्याआधी केजचे पुरेसे बॉल बुशमध्ये पूर्ण शिरलेले असले पाहिजेत, नाहीतर पंच आणि डाय एकमेकांना शोधत येतात. टूल उघडताना केज बुशमधून पूर्ण बाहेर पडत असेल तर प्रत्येक ठोक्याला बॉल बुशच्या कडेवर आपटतात. लांब स्ट्रोकच्या प्रेसवर हे होणारच असेल तर बुशच्या तोंडाला सौम्य उतार असलेला प्रकार घ्या.

स्कारा रोबोटच्या (ज्याचे हात आडव्या पातळीत वळतात त्याच्या) शेवटच्या दांडीवर बॉल स्क्रूच्या मळसूत्री खाचा आणि बॉल स्प्लाइनच्या सरळ खाचा एकमेकींना छेदून एकाच शाफ्टवर कोरलेल्या असतात. दोन नट, दोन मोटर. स्क्रूचा नट फिरवला आणि स्प्लाइनचा धरून ठेवला की दांडी फक्त वरखाली होते. दोन्ही नट एकाच दिशेने सारख्या वेगाने फिरवले की ती फक्त फिरते. स्प्लाइनचा नट एकटाच फिरवला तर ती फिरते आणि सरकतेही. त्यामुळे नुसतं वळवायचं असतानाही नियंत्रकाला दोन्ही मोटर हलवाव्या लागतात. चारही प्रश्नांची उत्तरं इथे दोन नटांत आणि त्यांच्या आधाराच्या बेअरिंगमध्ये मिळतात.

झाकण आवळणाऱ्या स्पिंडलवर सर्वांत जास्त चुका दिसतात. टॉर्क ठरवून द्यायचा असतो, खाली दाबही द्यायचा असतो, वरून धुण्याचं पाणी येतं. टॉर्क स्प्लाइनने किंवा चौकोनी दांडीने न्या, दाब स्प्रिंग आणि थ्रस्ट बेअरिंगवर (अक्षाच्या दिशेचा भार घेणाऱ्या बेअरिंगवर) घ्या, आणि मार्गदर्शनाला पॉलिमर किंवा पीटीएफईचा साधा बुश लावा. इथे महागडा बॉल केज लावणं म्हणजे पाण्यात पैसे टाकणं.

छपाईचा शाई रोलर, सूत गुंडाळणारी यंत्रं, होनिंगचा स्पिंडल, रक्ततपासणी यंत्रातला वळणारा आणि खाली उतरणारा नमुना-हात या सगळ्यांना हाच हिशोब लागतो. वेग, स्वच्छता आणि अचूकता यांचं प्रमाण फक्त बदलतं.

काय बिघडतं आणि का

केज सरकणं हे केजवाल्या प्रकाराचं मुख्य दुखणं. तत्त्वतः केज नेमका निम्मा जातो. प्रत्यक्षात एका बाजूचा भार, जोरदार प्रवेग किंवा उभा शाफ्ट असेल तर दर स्ट्रोकला तो केसभर घसरतो आणि हळूहळू एका टोकाला जाऊन आदळू लागतो. आवाज टकटक येतो, तोही स्ट्रोकच्या एकाच टोकाला. लक्ष दिलं नाही तर सर्क्लिप निसटते आणि केज बाहेर येतो. ठराविक वेळाने हळू वेगात पूर्ण स्ट्रोक देऊन केज मध्यावर आणणं हा साधा उपाय. उभ्या शाफ्टवर प्रीलोड थोडा वाढवला की घसरणं कमी होतं. तरीही थांबत नसेल तर हा प्रकार त्या जागेचा नाही, लांब स्ट्रोकची जोडी घ्या.

शाफ्टवर ठरावीक अंतराने खळगे दिसले तर यंत्र उभं असताना धक्का बसला आहे किंवा वाहतुकीत हादरे बसले आहेत. खळग्यांमधलं अंतर केजच्या खिशांमधल्या अंतराशी जुळतं का ते पाहा, जुळलं तर शंका उरत नाही. कपच्या उडाल्या असतील आणि त्या शाफ्टच्या एकाच बाजूला असतील, तर न फिरणाऱ्या शाफ्टवर भार जास्त आहे. सगळीकडे सारख्या असतील तर आयुष्य संपलं, बदला.

फिरणं सहज, सरकणं जड, अशी तक्रार बुश-बेअरिंगच्या जोडीत आली तर बुशच्या सीलवर वाळलेलं ग्रीस बघा. उलट तक्रार असेल तर बाहेरच्या दोन बेअरिंगमध्ये अक्षीय प्रीलोड नकळत चढला आहे, स्पेसर (दोघांतलं अंतर राखणारी कडी) दोन-तीन शतांश मिलिमीटरने घासून पाहा.

बदलताना नुसता केज बदलायचा की सगळंच, हा प्रश्न नेहमी येतो. शाफ्टवर नखाने ओढून पाहा. नख अडकलं तर शाफ्टही बदला, नवा केज जुन्या चऱ्यांवर टिकणार नाही. नख अडकत नसेल तर मायक्रोमीटरने शाफ्ट तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना न झिजलेल्या भागावर आणि मध्ये. फरक दोन-तीन मायक्रॉनच्या आत असेल तर तोच शाफ्ट ठेवून किंचित मोठ्या बॉलचा केज मिळतो का ते उत्पादकाला विचारा, अनेक आकारांत असे केज तयार असतात.